खिडकीतला रुमाल

खिडकीतून रुमाल हलला की वाजवायचं, असं मला सांगितलं होतं.

मी खाली होफमध्ये उभा होतो. होफ म्हणजे जर्मन बिल्डिंगीच्या मागचं अंगण. तिथं कचऱ्याचे डबे, कोळशाची बादली, सतरंज्या झटकायचा लोखंडी दांडा. कोपऱ्यात मळकं बर्फ. हातात माझ्या बाची सनई. वर तिसऱ्या मजल्यावर लग्न लागत होतं. मराठी लग्न, स्टुटगार्टात. मंगलाष्टकं खालपर्यंत ऐकू येत होती आणि खिडकीत मधू नावाचा पोरगा रुमाल घेऊन उभा होता. चांगला शिकलेला. इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करत होता. त्या दिवशी मात्र त्याच्याकडं एकच काम होतं. 'सावधान' झालं की रुमाल हलवायचा.

मी त्या कचऱ्याच्या डब्यांपाशी कसा आलो ते सांगतो. सांगायचा कंटाळा येतो खरं तर. ऐकणारे एक तर मान खाली घालतात, नाहीतर म्हणतात, अहो आता कुठं राहिलंय असलं काही. दोन्हीचा वीट आलाय. तरी सांगतो.

आम्ही होलार. माणदेशातले. गावात लग्न कुणाचंही असो, वाजंत्री आमची. पण मांडवात जागा नाही. बाहेर, पाव्हण्यांच्या चपला पडतात तिथं घोंगडं टाकून बसायचं. तिथून आतलं काही दिसायचं नाही. म्हणून मांडवाच्या तोंडाशी एक जण उभा राहायचा आणि अक्षता पडायच्या वेळी उपरणं हलवायचा. उपरणं हललं की बा सनई उचलायचा आणि मी सूर धरायचो. सूर म्हणजे एकच स्वर, खंड न पाडता धरून ठेवायचा. त्याच्या आधारानं सनई चालते.

एका लग्नात बाला खोकल्याची उबळ आली. उपरणं हललेलं त्याला दिसलं नाही. आतून नवरीचा चुलता आला, पायातलं काढलं आणि बाच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला. बानं ओठ धोतराला पुसला आणि सनई तोंडाला लावली. वरात निघेपर्यंत वाजवत राहिला. घरी आल्यावर आईला म्हणाला, "चूक आपलीच हुती." त्या जोड्यापेक्षा मला हे जास्त लागलं. अजून लागतं.

मग मी मुंबई गाठली. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट शिकलो. एका गोवेकर मास्तरनं नोटेशन वाचायला शिकवलं, देव त्याचं भलं करो, आणि त्याच्याच ओळखीनं हॉटेलच्या बँडात लागलो. तिथं कुणी जात विचारत नव्हतं. काळा कोट आणि चकचकीत बूट असले की झालं. सनई ट्रंकेत गेली. तिला तेल लावायला तेवढी कधीमधी काढायचो.

त्या हॉटेलात मारिलू आली. फिलिपिन्सची गाणारी, पंचविशीच्या आतबाहेरची, अंगानं एवढीशी. रिहर्सलच्या पहिल्या दिवशी तिनं बाकीच्यांना हॅलो केलं. माझे केस तेव्हाच पिकायला लागले होते. माझ्यापुढं येऊन ती वाकली, माझा उजवा हात उचलला आणि आपल्या कपाळाला लावला. मी हात विस्तवातून ओढावा तसा मागं ओढला. इकडंतिकडं पाहिलं, कुणी बघितलं का. तिला वाटलं मी रागावलो. मग तिच्या ड्रमवाल्यानं समजावलं की त्यांच्या मुलखातली ती रीत आहे. वडीलधाऱ्याचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतात. असंल. पण माझा हात तोवर कुणी परक्यानं आपणहून धरला नव्हता. कपाळ तर लांबच राहिलं. मी आपला तो हात खिशात घालून बसलो.

तिचा क्लॅरिनेटवाला आजारी पडून गावी गेला आणि पुढचा दौरा जर्मनीचा होता. ती मला म्हणाली, "तियो, येतोस?" तियो म्हणजे त्यांच्यात काका. माझी बायको नुकतीच गेली होती, मागं रडणारं कुणी नव्हतं. निघालो. ट्रंक नको होती, ती विकली. सनई तेवढी पिशवीत घातली.

मारिलूची कथा मला व्हॅनमध्ये तुकड्यातुकड्यांनी कळली. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, पण रस्ता लांब असला की सगळं कळतं. तिचा बाप मनिलाच्या थिएटरात ट्रम्पेट वाजवायचा. महायुद्धात त्यांचं घर जळालं, बाप गेला. मग अमेरिकन सैनिक आले. ही जीपच्या बॉनेटवर उभी राहून त्यांच्यासमोर गायची. सैनिक मटणाचे डबे फेकायचे. हातात द्यायचे नाहीत. फेकायचे आणि झेलताना कशी धडपडते ते बघून हसायचे. मोठी झाली तशी रेडिओवर गायली, नाव झालं. मग एका एजंटानं तिला हाँगकाँगला नेलं, तिथून सायगाव, सिंगापूर, मुंबई. ज्या गावात जाईल तिथलं गाणं तिथल्याच बोलीत म्हणायची. अर्थ माहीत नसायचा. हॉटेलातल्या झाडूवालीकडून नाहीतर न्हाव्याकडून म्हणवून घ्यायची आणि पाठ करायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, इथलीच आहे. घरी आई, धाकटी भावंडं, सगळी तिच्या गळ्यावर जगत होती. गळा बसला की ती आजारी माणसासारखी घाबरायची. बोलायची नाही, नुसतं गरम पाणी प्यायची.

एवढी देशोदेशी गायलेली बाई. जर्मनीत आमच्या मॅनेजरनं पहिल्या दिवशी तिला काय सांगितलं, तर फिलिपिन्स इथं कुणाला ठाऊक नाही, हवाई ठाऊक आहे. झालं. पोस्टरवर छापलं, 'हवाईची बुलबुल'. गवताचा झगा, कागदी फुलांचा हार, उघडे पाय. नोव्हेंबरच्या थंडीत. हवाई तिनं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आपलं एखादं गाणं म्हणू का, असं तिनं विचारलं, तर मॅनेजर हसला आणि म्हणाला, घरी म्हण.

बॉन, वोल्फ्सबुर्ग, कुठली कुठली गावं. मोठमोठे हॉल, बिअर पीत बसलेली माणसं. मधूनच अमेरिकन फौजेचे क्लब. गाणं संपलं की पुढच्या टेबलावरचे लोक तिच्या झग्यातली एकेक काडी आठवण म्हणून ओढून घ्यायचे. बायकासुद्धा. ती हसत उभी राहायची. दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये सुईदोरा घेऊन नवीन काड्या शिवत बसायची. गवतानं तिच्या मांड्यांवर पुरळ उठायचं. मी एकदा म्हटलं, अगं, बोल की त्यांना काहीतरी. ती सुईतून नजर न काढता म्हणाली, "गवतच आहे, तियो." पुन्हा मी विषय काढला नाही. मी तरी कुठला शूर लागून गेलो होतो?

माझं पण ऐका. मॅनेजरनं मला एकदा खालवर पाहिलं आणि ठरवलं की हा हवाईचा वाटत नाही. फार काळा, वर म्हातारा. पण क्लॅरिनेट तर पाहिजे. मग पुठ्ठ्याचं माडाचं झाड बनवून घेतलं आणि त्याच्यामागं माझी खुर्ची टाकली. बाकी सगळे उजेडात, मी माडामागं. खरं सांगतो, मला त्यात अपमान वाटला नाही. मला बरं वाटलं. आडोशाला बसून वाजवायची माझी जन्माची सवय. पडदा उघडायच्या आधी मारिलू माडामागं यायची, माझा हात कपाळाला लावायची आणि पुढं जायची. रोज. आता मी हात ओढून घेत नव्हतो. एवढी प्रगती झाली होती.

व्हॅनमध्ये कधी कंटाळा आला की मी सनई काढायचो. तिला फार आवडायची. सूर धरायला कुणी नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मी धरते. तोंड मिटून असा सूर धरायची की काय सांगू. दम तर तिचा गाणाराच. मी डोळे मिटले की बाच्या शेजारी बसल्यासारखं वाटायचं.

स्टुटगार्टला आमचा मुक्काम लांबला. एका शोनंतर मधू स्टेजच्या मागच्या दाराशी आला. आमच्या ड्रायव्हरकडून त्याला कळलं होतं की बँडात एक मराठी माणूस आहे. "तुम्ही मराठी? अहो, काय सांगता काय!" असं म्हणून त्यानं माझे दोन्ही हात धरले. मला भरून आलं. कित्येक महिन्यांत मराठी ऐकलं नव्हतं. बोलता बोलता सनईचा विषय निघाला आणि तो उडालाच. त्याच्या मित्राचं लग्न होतं. मित्र इथल्याच त्सुफेनहाउझेन भागात मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. सुट्टी मिळेना, म्हणून नवरीच पुण्याहून मामाबरोबर बोटीनं आलेली. मधू म्हणाला, "मास्तर, परदेशात खरी सनई. नशीबच म्हणायचं. आणि तुमच्या मॅडमनाही आणा."

मी सनई दोनदा धुऊन पुसली. फुंकायची पत्ती नवी लावली. कोट इस्त्री केला. लग्नाला निघायच्या आधी हॉटेलच्या दारात मारिलूनं माझा हात कपाळाला लावला, कारण तिच्या हिशेबी हा पण शोच होता. मी खूश होतो. खोटं कशाला बोलू, लहान पोरासारखा खूश होतो.

घर छोटं होतं पण सजवलेलं होतं. पंधरावीस मराठी माणसं, सगळी शिकणारी नाहीतर कारखान्यातली. एका इंजिनियरच्या बायकोनं क्वार्क नावाच्या इथल्या दह्याचं श्रीखंड केलं होतं. नवरी उषा, मोत्यांच्या मुंडावळ्या बांधून बसलेली, भेदरलेली. मला तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "सनई असेल असं वाटलंच नव्हतं. आई नाहीये इथं, निदान सनई तरी." मला खुर्ची दिली, चहा दिला. सगळे अहो, मास्तर, या, बसा करत होते.

तिचा मामा, आप्पा म्हणत त्यांना, सगळ्यांत वडील. भटजी तेच, मामा तेच. पुण्याच्या पंचांगातला मुहूर्त इथल्या घड्याळात बसवायला त्यांनी म्हणे बराच खल केला होता. मारिलूची ओळख करून दिली तशी ती त्यांच्यापुढं वाकली, त्यांचा हात घेतला आणि कपाळाला लावला. आप्पा इतके खूश झाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा. परदेशी मुलगी, पण संस्कार बघा. नाहीतर आमच्या मुली." पोरं हसली. तिला आतली मऊ खुर्ची मिळाली.

मग आप्पा माझ्याकडं वळले. कुठले आपण? मी गाव सांगितलं. अरे वा, म्हणाले, त्या भागात आमचं येणंजाणं होतं. सनई कुणाकडं शिकलात? वडिलांकडं, म्हटलं. घरचीच आहे. आडनाव काय? मी आडनाव सांगितलं.

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. आणखी काही विचारलं नाही. अच्छा, म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. आत कुजबुज झाली. मी सनईची पत्ती तोंडात धरून ओली करत होतो. पण कान आपोआप तिकडं गेले. आमच्या कानांना ती कुजबुज ओळखायला शब्द लागत नाहीत.

मधू बाहेर आला तो कानापर्यंत लाल होऊन. "मास्तर, एक विनंती होती. तुम्ही बाहेर जिन्यात बसून वाजवाल का? तिथं आवाज छान घुमतो." मग जरा जवळ येऊन, "मी स्वतः मानत नाही हं. पण मोठी माणसं आहेत, लग्नकार्य आहे."

आणि मी काय केलं? उठलो. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझे पाय निघाले होते. हीच माझी खरी लाज. त्यानं मला हाकललं नाही, मी स्वतः गेलो. दाराबाहेर चपलाबुटांचा ढीग होता, त्याच्या शेजारच्या पायरीवर जाऊन बसलो. कुणी दाखवलं नव्हतं. एवढा जिना पडला होता, पण मला नेमकी चपलांजवळचीच जागा सापडली.

सनई तोंडाला लावली आणि नुसतं फुंकून बघितलं, तर खालून घरमालकीण वर आली. जाडजूड फ्राऊ, हातात किल्ल्यांचा जुडगा. म्हणाली, ट्रेपेनहाउसमध्ये, म्हणजे जिन्यात, कुणी बसायचं नाही आणि वाजवायचं तर नाहीच. हाउसऑर्डनुंग. घराचे नियम. या माणसाला आत घ्या, नाहीतर बाहेर घालवा. तिच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच होतं. तिला काय ठाऊक तिनं केवढा प्रश्न विचारलाय.

मधू उंबऱ्यात. एकदा माझ्याकडं बघतो, एकदा आत. आत नवरा मुलगा मुंडावळ्या सारख्या करत होता. एवढी शिकलेली माणसं, एकानं जरी म्हटलं असतं, या मास्तर, आत या, तरी विषय संपला असता. कुणीच बोललं नाही. मग आप्पांचा आवाज आला, अगदी शांत, व्यवहारी. "खाली मागे अंगण आहे ना? खिडकी उघडी ठेवू. मधू रुमाल दाखवेल."

अशा रीतीनं मी कचऱ्याच्या डब्यांपाशी आलो.

मी जिना उतरतोय हे मारिलूनं आतून पाहिलं असणार. कोट अंगावर टाकून ती मागोमाग खाली आली. वरून तिला हाका मारत होते, मॅडम, इकडं, मॅडम. ती आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. सूर मी धरते, म्हणाली. मग इकडंतिकडं बघून विचारलं, इथं का?

काय सांगणार? माझ्या मोडक्या इंग्रजीत ते मावत नव्हतं. आमच्याकडं वाजवणारा बाहेर बसतो, एवढं म्हटलं.

"सगळे वाजवणारे?"

"नाही. आमच्यासारखे."

"पण तियो, हे तर जर्मनी आहे."

वर मंगलाष्टकं सुरू झाली. मी सनई हातात घेतली, मान वर केली, डोळा रुमालावर लावला. थंडीनं डोळ्यांत पाणी येत होतं तरी पापणी लववत नव्हतो, चुकून रुमाल हुकला तर. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझी मान अगदी बासारखी ताणलीय. तीच मान, तोच डोळा, तीच भीती. बा मेला, गाव सुटलं, मुंबई सुटली, बोटीनं समुद्र ओलांडला, आणि मी उपरण्याकडं बघत बसलोय. जोडा मारायला कुणी नव्हतं इथं. तरी मला ओठावर तो जोडा जाणवत होता. मला माझाच राग आला. मग रागही गेला आणि नुसता थकवा आला. किती दिवस? किती पिढ्या असं मान वर करून बघायचं? नको आता. पुरे झालं.

वरून ऐकू आलं, शुभमंगल सावधान. रुमाल हलला.

मारिलूनं सूर धरला. रुमालाची खूण मी तिला आधीच सांगितली होती. तिचा सूर त्या अंगणात असा भरला की शेजारच्या बिल्डिंगीच्या खिडक्या उघडल्या. तो एकटाच सूर राहिला. सनई आलीच नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, दम पुरेल तितका धरला, मग सोडून दिला.

वर टाळ्या सुरू होऊन मधेच थांबल्या. मधू रुमाल हलवतोय, हलवतोय. त्याला बाजूला सारून आप्पा खिडकीत आले. "अरे, वाजव ना! मुहूर्त टळतोय!" सकाळचा अहो कुठं गेला कोण जाणे.

मी सनई पिशवीत घातली. मग वर बघून म्हटलं, "मी खालून वाजवत नाही."

"काय?"

"खालून वाजवत नाही, म्हटलं. आणि आप्पा, एक सांगतो. या पोरीचं कपाळ रोज माझ्या हाताला लागतं. आज सकाळीही लागलंय. मग तेच तुमच्या हाताला लागलं."

आप्पांचा हात खिडकीच्या चौकटीवर होता. त्यांनी हाताकडं पाहिलं. तो हात त्यांनी चौकटीवरून उचलला आणि अंगापासून लांब धरून उभे राहिले, चिखल लागल्यासारखा.

त्यांच्या मागून उषा दिसली. मुंडावळ्या विस्कटलेल्या, कपाळावर अक्षता. म्हणाली, "मामा, त्यांना वर बोलवा ना." आप्पा म्हणाले, तू आत हो. ती आत झाली.

त्या पोरीचं मला वाईट वाटलं. आजही वाटतं. आई जवळ नाही, सनई तरी असू दे, म्हणाली होती बिचारी. तिचा काही दोष नव्हता. पण माझ्या बाचा तरी काय दोष होता? दर वेळी कुणाचं तरी मंगल असतं आणि तेवढ्यासाठी आम्ही गप्प बसायचं असतं. त्या दिवशी मी त्यांच्या मंगलासाठी वाजवलं नाही, एवढंच.

ट्रामच्या थांब्यावर मारिलूला सगळं सांगितलं. उपरणं, चपला, बाचा ओठ. पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. तिला शब्द किती कळले देव जाणे. मग म्हणाली, ते सैनिक डबे फेकायचे ना, ते अजून फेकतात, तियो. आता फक्त मी जास्त चांगली झेलते. असं म्हणून ती हसली. ते हसणं बघवलं नाही.

त्याच संध्याकाळी आमचा शो होता. मी हॉलवर गेलो, माझी खुर्ची माडामागून उचलली आणि ड्रमच्या शेजारी, उजेडात आणून ठेवली. मॅनेजर धावत आला. मागं जा, म्हणाला. मी म्हटलं, इथं बसून वाजवीन, नाहीतर नाही. त्याला वाटलं माझी भाषा चुकतेय. मी पुन्हा तेच सांगितलं, शांतपणे. तो मारिलूकडं वळला, याला समजाव म्हणाला, नाहीतर तुझाही करार बघतो. ती गवताच्या झग्यात उभी होती. पांढरीफटक पडली. मला म्हणाली नाही की बस, आणि म्हणाली नाही की ऊठ. घरची सगळी तोंडं तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली असतील. मी तिच्यावर रागावलो नाही. लोक आत यायला लागले होते, मॅनेजरला वेळ नव्हता.

पडदा उघडला. ती माडाकडं गेली, रोजच्या सवयीनं. मी तिथं नव्हतो. मग वळली, सगळ्यांच्या देखत माझ्यापुढं आली, वाकली आणि माझा हात कपाळाला लावला. पुढच्या टेबलावरचे हसले. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. ती गायली, तीच हवाईची गाणी. शेवटी नेहमीप्रमाणं काड्या ओढून नेल्या तिच्या.

तो दौरा संपला आणि मला काढलं. तिनं अडवलं नाही, तिला अडवता आलं नसतं. स्टेशनवर मला पोचवायला आली, पुन्हा एकदा हात कपाळाला लावला आणि मी गळा जप म्हटलं तशी रडली. ती पुढं इस्तंबूलला गेली, तेहरानला गेली, कुठून कुठून पोस्टकार्डं यायची. पोस्टरवर मात्र अजून हवाईच असायचं. मग पोस्टकार्डं थांबली. मी परत स्टुटगार्टला आलो आणि इथंच राहिलो. कारखान्यात लागलो, पत्रे कापायच्या मशीनवर. कान त्यातच गेले थोडे. सनई अजून आहे. दर महिन्याला तेल लावतो.

इथं मराठी माणसं वाढली आहेत आता. गणपती असतो, लग्नं असतात. कुणाकडून तरी माझं नाव कळतं आणि फोन येतो, मास्तर, तुम्ही सनई वाजवता ना? गोड बोलतात सगळे. मी तारीख विचारत नाही, मुहूर्त विचारत नाही. एकच विचारतो, मी कुठं बसायचं? जो लगेच सांगतो की आत, आमच्यात, त्याच्याकडं जातो आणि फुप्फुसं फाटेस्तोवर वाजवतो. जो उत्तर द्यायच्या आधी जरा थांबतो, त्याचा फोन मी खाली ठेवतो. मग ते लग्न सनईवाचून लागलं तरी चालेल. आमच्या लोकांनी फार वर्षं मान वर करून वाट बघितली. आता थोडा वेळ त्यांनी बघावी.